खिडकीखालचा वाफा

नेल कोमेनच्या घरात फुलदाणी नव्हती, आणि गावात कुणालाच त्याचं नवल वाटत नसे. समुद्राच्या बांधाआड, वाळूच्या जमिनीत ट्युलिपचे कंद पिकवणाऱ्यांचं ते गाव. तिथे पीक म्हणजे कंद. फूल हा मधला उपद्व्याप. ते उमललं की रंग खरा निघाला का, झाड निरोगी आहे का, एवढं बघायचं आणि मुंडी मोडून चरात फेकून द्यायची, म्हणजे झाडाची सगळी ताकद खाली उतरते. एप्रिलमध्ये शहरातली माणसं सायकलींवरून येत, वाफ्यांकडे बघून माना वेळावत आणि फोटो काढत. सुताराकडे येऊन कुणी भुशाचंच कौतुक करावं, तसं गावातल्या बायकांना ते वाटे. त्या हसत आणि पुन्हा खाली वाकत.

नेलनेही उभी हयात अशीच काढली होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्याच वसंतात तिने चार फुलं आत आणली होती. तिचा नवरा वाउटर दारातच म्हणाला होता, "अगं, दिवसभर तेच बघतो आपण. जेवताना तरी नको." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तिलाही राग आला नाही. फुलं चरात गेली. तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

वाउटर गेल्या वर्षी जूनमध्ये गेला. मूलबाळ नव्हतं. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला सगळा गाव आला, केक खाल्ला, तिचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापले कंद काढायला शेतात गेला. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. कंद कुणासाठी थांबत नाहीत. पण तेव्हापासून पुढच्या दाराची कडी कुणी वाजवली असेल तर टपालवाल्याने. नेल रेडिओवरच्या हवामानवाल्याशी बोलायला लागली. "वारा वायव्येचा," तो म्हणे. "तो कधी नव्हता?" ती म्हणे. चर्चमध्ये प्रवचन रंगात आलं की ती सवयीने पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढी, एक तोंडात टाकी आणि दुसरी डाव्या हाताला पुढे करी. डाव्या हाताला कुणी नसे. मग ती दुसरीही स्वतःच खाई. प्रवचन संपेपर्यंत तोंड थंडगार होऊन जाई.

वाउटरमागे तिने जमीन भाड्याने देऊन टाकली होती. फक्त पुढच्या खोलीच्या खिडकीखालचा एक वाफा ठेवला होता. तो द्यायचा प्रश्नच नव्हता.

त्या वाफ्यात दुहेरी ट्युलिप होते, लवकर फुलणारे. बाकीचं शेत अजून हिरवं असतं तेव्हा हे उमलून मोकळे. देठ वीतभर आणि डोकं पाकळ्यांनी गच्च भरलेलं, लहान पोराला बापाची टोपी घालावी तसं. दिसायला देखणे, पण सांभाळायला महाकटकटे. हिवाळ्यात त्यांच्यावर पेंढा अंथरायचा, आणि तो काढायचा कधी यावर रोज सकाळी नवरा-बायकोने भांडायचं. आणि पाऊस पडला की पाकळ्यांत वाटीसारखं पाणी साचतं, डोकं जड होतं आणि देठ मटकन मोडतो. म्हणून सर येऊन गेली की वाउटर हातात वेताची काठी घेऊन ओळीओळीने जाई आणि एकेका फुलाला खालून हलकीच टिचकी मारून पाणी सांडून टाकी.

आणि हे दुहेरीही साधेसुधे नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी फिक्या गुलाबी दुहेरींच्या वाफ्यात वाउटरला एकच झाड गडद दिसलं होतं, उकडलेल्या बिटाच्या रंगाचं. अशी आगंतुक झाडं उपटून टाकायची असतात. वाउटरने खाली बसून पान बघितलं, कळी बघितली, घरी येऊन स्वयंपाकघरातला मोठा चमचा नेला आणि ते झाड मातीसकट अलगद काढून आणलं. पुढच्या वर्षी त्याचे दोन कंद झाले, मग पाच. मधे एका वर्षी घुशींनी निम्मे खाल्ले तेव्हा वाउटर आठवडाभर जेवणावर रुसला होता. असं करत करत त्याचा एक वाफा झाला. जगाच्या पाठीवर तो रंग त्या एकाच वाफ्यात होता. त्याला नाव नव्हतं, कारण विकण्याजोगा साठा झाल्याशिवाय ट्युलिपला नाव ठेवत नाहीत. अपशकुन होतो म्हणतात. गाव आपलं 'वाउटरची दुहेरी' म्हणे. वाउटर गेल्यावर नेलकडे त्याचं म्हणून जिवंत असं तेवढंच उरलं होतं. तिने कंद एकटीने काढले, एकटीने सोलले, ऑक्टोबरात गुडघ्यावर बसून एकटीने पुरले.

आणि या एप्रिलमध्ये फुलं उमलली ती रेघा घेऊन.

ट्युलिपवाले घाबरतात ते एकाच गोष्टीला. एकरंगी पाकळीवर पांढऱ्या ज्वाळा उठतात, कडेला गडद पिसारा फुटतो, आणि फूल असं काही दिसायला लागतं की नवखा माणूस हात जोडेल. तो रोग आहे. मावा एका झाडाचा रस पितो आणि दुसऱ्यावर जाऊन बसतो, की काम झालं. त्या वर्षी काही दिसत नाही. दिसतं पुढच्या वसंतात. त्यावर औषध नाही. झाड कंदासकट, भोवतीच्या मातीसकट काढायचं, तेही मावा उडायच्या आत.

हे रोगी झाड हुडकण्यात वाउटरचा हात धरणारा बांधाच्या अल्याडपल्याड कुणी नव्हता. तो भर उन्हात काळी छत्री उघडून वाफ्यांतून चाले, कारण उन्हात रंग झळाळतात आणि रेघ लपते. सावलीत फूल खरं काय ते सांगतं. लोक त्याला आपल्या शेतावर बोलावत. नवशिक्यांना तो एकच गोष्ट सांगे, "जे सगळ्यांत देखणं दिसेल, त्याच्यावर आधी संशय घे."

या वर्षी नेलने छत्री खुंटीवरून काढलीच नाही. ती भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना वाफ्याशी जाई आणि स्वतःला सांगे, एवढंही काही नाहीये. पण तिच्या काळजाला ठाऊक होतं. हे कुठून आलं तेही ठाऊक होतं, आणि तेच तिला जास्त खात होतं.

गेल्या वसंतात वाउटर अंथरुणाला खिळला होता. नेलने त्याची खाट पुढच्या खोलीत आणून खिडकीशी लावली, म्हणजे पडल्या पडल्या त्याला आपला वाफा दिसेल. एका सकाळी ती कॉफीचा कप घेऊन खिडकीशी आली आणि तिला तिसऱ्या ओळीत ते दिसलं. एकच झाड. बीट रंगावर पांढऱ्या ज्वाळा. आधी मनात आलं, फावडं. दुसरं आलं, वाउटरला कळता कामा नये. डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांची शेतं राखणारा माणूस, त्याच्या स्वतःच्या वाफ्यात रोग निघाला हे आत्ता, या अवस्थेत, त्याला कसं सांगायचं? ती रोज सकाळी कप घेऊन खिडकीशी उभी राहून तोच विचार करायला लागली. एका सोमवारी मागून खाटेवरून त्याचा आवाज आला.

"देखणं आहे, नाही गं?"

नेल वळली. त्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा प्रसन्न दिसत होता. तिला वाटलं, याची नजर गेली. वाउटर कोमेनची नजर! रोगाला देखणं म्हणतोय. ती म्हणाली, "हो. देखणं आहे."

मग तो रोज विचारायला लागला, "आहे ना अजून?" ती रोज खिडकीशी जाऊन बघे आणि सांगे, "आहे." बाकी वाफ्याच्या मुंड्या तिने मोडल्या, त्या एका झाडाची ठेवली. रोज ठरवे, उद्या काढू. रोज तो विचारी. पाकळ्या झडल्या तरी विचारत राहिला. मे महिना गरम गेला, मावा वेळेआधीच उडाला, आणि जूनमध्ये वाउटर गेला. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सगळा गाव शेतात गेला तेव्हा नेलही फावडं घेऊन बाहेर पडली होती. एकच झाड काढायला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता उद्या तपासनीस येणार होता. दरवर्षी फुलांच्या दिवसांत तो वाफे बघून जातो, आणि रेघा दिसल्या तर सगळा वाफा काढायला लावतो. त्यात तडजोड नाही. वाउटरची दुहेरी संपली असती.

नेलने रात्री ठरवलं आणि उजाडताच बादली घेऊन वाफ्यात उतरली. फुलंच नसतील तर रेघा कशावर दिसणार? पानावरही खुणा असतात, पण पुसट. तपासनीस नवा होता, तरणा होता, आणि विधवेच्या दारात फार वेळ वाकून बसणारा वाटत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने पहिल्या ओळीपासून मुंड्या मोडायला सुरुवात केली. ताज्या, तुडुंब भरलेल्या मुंड्या, अजून आठवडाभर टिकल्या असत्या अशा. प्रत्येकीबरोबर कट् असा आवाज होई. वाउटर असता तर या आवाजाने खाटेवरून उठून आला असता.

"काय गं, इतक्यात मुंड्या मोडायला घेतल्यास?"

चरापलीकडे क्रेलिस उभा होता. शेजारी, वाउटरचा शाळेपासूनचा जोडीदार, आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेला. त्याचे वाफे चराच्या पलीकडून सुरू होत. चरावर एक फळी होती, पण बोलावल्याशिवाय ती कुणी ओलांडत नसे. वाउटर असताना क्रेलिस दर रविवारी चर्चनंतर येई, कॉफीबरोबर एक बिस्किट घेई, आणि नेलने डब्याचं झाकण लावलं की म्हणे, "लागलं एकदाचं कुलूप." वर्षभरात तो आला नव्हता. बोलावलं नव्हतं.

"माझा वाफा, माझ्या मुंड्या," नेल वर न बघता म्हणाली.

"तुझ्याच गं बाई. पण उद्या तो तपासनीस येतोय. त्याला काय दाखवणार? देठं?"

"बघेल देठं. बघायचाच पगार मिळतो त्याला."

"नेल."

"काय आहे?"

"फुलं उमलली तेव्हापासून बघतोय मी."

तिचा हात थांबला. "मग बोलला का नाहीस?"

"दुसऱ्याच्या वाफ्याकडे बघायचं नसतं."

"बघतोयस म्हणालास आत्ताच!"

"बघायचं नसतं म्हणजे बोलायचं नसतं, शेजारीणबाई. बघणं कुणाला चुकलंय?" क्रेलिसने फळीवर एक पाय ठेवला. "येऊ का?"

तिने हातातली मुंडी बादलीत टाकली. तो आला. फळी करकरली. जवळ आल्यावर त्याने बादलीत डोकावलं, मग उरलेल्या ओळींकडे बघितलं. ऊन अजून तिरपं होतं आणि सगळा वाफा पेटल्यासारखा लाल दिसत होता.

"छत्री कुठाय?"

"खुंटीवर."

"आण."

"नाही आणत."

"मग मी आणतो." आणि तो खरंच मागच्या दाराने आत जाऊन ती काळी छत्री घेऊन आला. तिच्यावर वर्षभराची धूळ होती. त्याने ती उघडली आणि एका ओळीवर धरली. सावली पडली तसा रंग खाली बसला आणि रेघा वर आल्या. या फुलावर, त्याच्या शेजारच्यावर, एक सोडून पुढच्यावर. दुसऱ्या ओळीवर धरली. तिथेही तेच. नेलला बघायचं नव्हतं आणि ती बघत होती.

"निम्म्याच्या वर," क्रेलिस म्हणाला.

"माझ्यामुळे झालंय हे," नेल म्हणाली. एकदा तोंडातून निघाल्यावर तिला थांबवेना. "गेल्या वर्षी एकच होतं. तिसऱ्या ओळीत. मला दिसलं होतं, क्रेलिस. आंधळी नव्हते मी. दिसूनही काढलं नाही. त्याला ते आवडलं होतं. देखणं आहे म्हणाला. त्याची नजर गेली होती रे, आपल्या वाउटरची नजर! त्याला काय सांगणार होते मी, तू देखणं म्हणतोस तो रोग आहे म्हणून? रोज विचारायचा, आहे ना अजून? मी म्हणायचे, आहे. त्याच्या एका फुलापायी त्याचाच सगळा वाफा घालवला मी."

क्रेलिसने छत्री मिटली. मग टोपी काढली, आणि ती काढून काय करायचं ते न कळून पुन्हा घातली.

"नजर नव्हती गेली त्याची," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"त्याला दिसतच नव्हतं ते. त्या उशीवरून वाफा दिसत नाही, नेल."

"काहीतरीच! खाट मी खिडकीशी लावली होती. त्याच्यासाठीच लावली होती."

"लावली होतीस. बसता येत होतं तोवर दिसायचं. मग तो खाली घसरला. आडव्या माणसाला तिथून नुसतं आभाळ दिसतं, आणि खिडकीत कुणी उभं राहिलं तर ते माणूस. तुला सांगू नको म्हणाला. म्हणाला, ती मला तीन उशा लावून बसवेल, आणि मला ते सोसायचं नाही."

नेलने खिडकीकडे मान वळवली.

"एका रविवारी तू आत कॉफी गाळत होतीस," क्रेलिस म्हणाला. त्याला हे सांगणं जड जात होतं. तो तिच्याऐवजी बादलीशी बोलत होता. "तेव्हा मला म्हणाला, क्रेलिस, ही रोज सकाळी कप हातात घेऊन खिडकीशी काय बघत उभी असते? जरा बघ बरं. मी उठून बघितलं. म्हटलं, तिसऱ्या ओळीत एक रेघांचं आहे. जाता जाता काढून टाकतो. तर मनगट धरलं माझं. जोर नव्हता हातात, तरी धरलं. म्हणाला, हात लावशील तर बघ. इतक्या वर्षांत हिला एक फूल घरात आणू दिलं नाही मी. एक आवडलंय तिला, तर बघू दे."

पलीकडच्या वाटेने कुणीतरी मोपेडवरून गेलं. आवाज बांधाकडे विरत गेला.

"मी ते फूल बघत नव्हते," नेल म्हणाली. तिचा आवाज आधी अगदी लहान होता. मग चढला. "अरे, मी ते फूल बघत नव्हते! त्याला न कळता ते काढायचं कसं, ते बघत होते मी! रोज! रोज उभी राहून तेच बघत होते!"

क्रेलिसने मिटलेली छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

नेल मटकन खाली बसली. दोन ओळींच्या मधे, वाफ्यात, जिथे ट्युलिपवाल्यांच्या पोरांनासुद्धा बसू देत नाहीत. तिला आधी राग आला, आणि तो वाउटरचा आला. तोंड होतं ना त्याला? तिलाही होतं. एका खोलीत, हाताच्या अंतरावर, दोन म्हातारी माणसं एकमेकांना जपत राहिली आणि मधे त्या बिचाऱ्या झाडाचा बळी. तो हयात असता तर तिने त्याला उभा-आडवा फैलावर घेतला असता. 'गाढवा, विचारायचं होतंस ना, काय बघतेस म्हणून!' आणि तो म्हणाला असता, 'तू सांगितलं असतंस?' सांगितलं नसतं. हे तिला ठाऊक होतं, म्हणून राग टिकला नाही. त्याच्याखाली जे होतं ते वर आलं आणि ती रडली, वर्षभरात पहिल्यांदाच मोठ्याने, शेजाऱ्यासमोर.

क्रेलिसने छत्री खाली ठेवली. मग खिशातून पेपरमिंटची पुडी काढून त्याने एक गोळी तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली.

"नितळ आहेत ती ठेव," तो म्हणाला. "आत्ता दोघं मिळून रेघांची काढू. उरलेली तपासनिसाला दाखव. मी बोलतो त्याच्याशी. चार ओळी तरी वाचतील."

"वाउटरने ठेवली असती?"

"दुसऱ्याच्या वाफ्यात असती तर नसती ठेवू दिली. स्वतःच्या वाफ्यात त्याने काय केलं ते आत्ताच सांगितलं तुला."

नेलला रडता रडता हसू फुटलं. तिने नाक पुसलं. "तुझ्याकडे निघाली का रेघांची?"

"थोडी."

"क्रेलिस!"

"काढली म्हटलं ना. झालं, संपलं."

"काढली असं तू म्हणालाच नव्हतास."

"आता म्हणतोय."

ती उठली. परकर झटकला. एकेका ओळीवरून तिची नजर फिरली. जी आज नितळ दिसत होती त्यांतली किती पुढच्या वर्षी रेघा काढणार होती ते कुणालाच सांगता आलं नसतं. आणि तोवर मावा ही फळी न विचारता ओलांडणार होता. तिला वाफा हवा होता. फार हवा होता. पण गेल्या वर्षी एक झाड ठेवलं होतं ते एका माणसासाठी, आणि तो माणूस त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. मग आता कुणासाठी ठेवायचं?

"सगळी काढायची," ती म्हणाली.

"विचार कर."

"वर्षभर तेच केलंय. फावडं आण तुझं. माझ्या एकटीच्याने दुपारपर्यंत होणार नाही."

उरलेल्या मुंड्या नेलने मोडल्या. उन्हात पडलेलं उमलतं फूल तिला बघवलं नसतं. मग दोघं कामाला लागली. नेल अरुंद फावड्याने झाड मुळापासून उचले, क्रेलिस ते मातीसकट पोत्यात घाले. दोघं फारसं बोलली नाहीत. मधेच क्रेलिस म्हणाला, "कंद बाकी झकास पोसलाय." ती म्हणाली, "पेंढा वेळेवर काढला होता." तिसऱ्या ओळीशी आली तेव्हा ती जराशी थांबली, आणि पुढे गेली. दुपारी क्रेलिसने पोती ढकलगाडीवर लादली आणि गावाबाहेरच्या खड्ड्याकडे नेली. तिथे टाकून चुना मारतात. जाताना तो फळीवर थांबला.

"रविवारी येऊ का, शेजारीणबाई?"

"ये. बिस्किट एकच मिळेल."

"एरवी कधी दोन दिलीस?"

तो गेल्यावर खिडकीखाली नुसती वाळू राहिली, विंचरल्यासारखी सारखी. नेलने बादली उचलली. मुंड्या टाकायच्या त्या चरातच. ती चरापर्यंत गेलीसुद्धा. मग वळली आणि बादली घेऊन घरात आली.

फुलदाणी नव्हतीच, आणि असती तरी बोटभर देठांची मुंडकी तीत उभी राहिली नसती. तिने कपाटातून सुपाचं मोठं पांढरं भांडं काढलं, जे ख्रिसमसला तेवढं बाहेर येई, त्यात पाणी घातलं आणि फुलं वर सोडली. जितकी मावली तितकी. रेघांची आणि बिनरेघांची, सगळी एकत्र. ती पाण्यावर तरंगायला लागली. तेव्हा कुठे नेलने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. रोग आहे की नाही हे न बघता, नुसतं बघितलं. वाउटर म्हणायचा ते खरं होतं. सगळ्यांत देखणी रेघांचीच होती.

भांडं तिने पुढच्या खोलीत नेलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. खाट अजून तिथेच होती. वर्षभर तिने ती हलवली नव्हती आणि तिच्यावर कधी पाठही टेकली नव्हती. आता पायांतले लाकडी जोडे काढून ती तिच्यावर आडवी झाली आणि उशीवर डोकं ठेवलं.

क्रेलिस खोटं बोलला नव्हता. वाफा दिसत नव्हता. चर नाही, फळी नाही. खिडकीचं तावदान आणि त्यात आभाळ, बस्स. आणि तावदानाच्या उजव्या बाजूला, ती रोज कप घेऊन उभी राही तिथे, माणसाएवढी रिकामी जागा. तिथे कुणी उभं असलं तर आभाळ निम्मं झाकलं जात असणार. तो रोज सकाळी एवढंच बघत होता आणि एवढ्यावरच खूश होता. 'देखणं आहे, नाही गं?' हे तो कशाला म्हणाला होता, कुणाला म्हणाला होता, हे आता विचारायची सोय नव्हती. नेल बराच वेळ त्या जागेकडे बघत पडून राहिली. तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं कधी, आणि वर्षभरात इतकी सोबतही कधी वाटली नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं की उशीवरून सुपाच्या भांड्याची नुसती कड दिसतेय, फुलं नाही. ती उठली, स्वयंपाकघरातून बिस्किटांचा डबा आणला आणि भांड्याखाली ठेवला. पुन्हा येऊन आडवी झाली. आता दिसत होती.